उस्तादांचा कान
बेकरीवाल्याची गाडी सुनेनं ढकलत गॅरेजात आणली, तेव्हा उस्तादांनी बॉनेट उघडून पाहिलं. गाडीचा कॉम्प्युटर जळला होता आणि नवा कुठेच मिळत नव्हता.

"बाबा, कॉम्प्युटरवर चालणारं हे पेट्रोलचं इंजेक्शन काढून जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर बसवू," सून म्हणाली. "तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

उस्ताद म्हणजे तिचे सासरे. एकेकाळी ते इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कार्बोरेटरचा स्क्रू अचूक जुळवायचे. इंजिनावर पाण्याचा पेला ठेवून थरथर बघणाऱ्या मेकॅनिकांची तर त्यांनी जन्मभर टिंगल केली. आता उजवा कान पार गेला होता, डावा कसाबसा तग धरून होता, आणि याचा त्यांनी घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं की गॅरेज सुटलं, मग घरी बसून माश्या मारायच्या, ही धास्ती.

पण नाही म्हणवेना. दोन दिवस दोघं खपली. इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा मॅनिफोल्ड बदलला, कार्बोरेटर बसला. उस्तादांनी ऐटीत चावी फिरवली आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल भसाभसा वाहू लागलं. सुनेनं दोन्ही हात हलवून त्यांना गाडी बंद करायला लावली.

"टाकीतला पंप तसाच राहिला की हो! तो इंजेक्शनचा, दांडगट. कार्बोरेटरला बेतानं पेट्रोल देणारा हवा."

"आता तू मला शिकवणार?" ते गुरगुरले. मग स्वतःच हसले. "शिकव बाई, शिकव."

पंप बदलल्यावर इंजिन धडधडत सुरू झालं. उस्ताद स्क्रूड्रायव्हर धरून वाकले. कानात नुसता गोंगाट. स्क्रू किती फिरवायचा, तेच कळेना.

सुनेनं काठोकाठ भरलेला पेला आणून इंजिनावर ठेवला.

"मला मेलीला आवाजातलं काही कळत नाही, बाबा. मी आपली पाण्याकडे बघते."

उस्तादही मुकाट्यानं पाण्याकडे बघू लागले. स्क्रूला पाव वळसा दिला, पाणी हिंदकळलं. जरा मागे घेतला, तसं ते शांत होत गेलं. मग एक थेंबही सांडेना. या वयात त्यांना नाचावंसं वाटलं.

"झकास!" सून ओरडली, थेट डाव्या कानाशी.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. गेलं वर्षभर ही बोलायला नेहमी डाव्या बाजूलाच येत होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून. उद्या लवकर या, अशाच आणखी दोन गाड्या येतायत."

उस्तादांनी इंजिनावरचा पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला.