मी कॉइल आहे, शेगडी नव्हे!

मी बोलतेय, इकडे, यंत्राच्या तोंडाशी! दचकू नका. या हॉलमध्ये दचकायचं काम माझ्याकडे आहे.

मी तांब्याची कॉइल. जर्मनीतल्या रेमशाइड गावच्या एका कारखान्यात दातेरी चाकं कडक करते. माझ्यातून वीज सोडली की माझ्या कवेतलं पोलादी चाक, मी त्याला बोटही न लावता, लालभडक होतं. मग त्यावर पाण्याचा फवारा बसतो आणि त्याचे दात जन्मभरासाठी कणखर होतात. तो फवारा सुटला की दर वेळी मी दचकते. इतकी चाकं झाली, पण सवय म्हणून होत नाही.

माझा जन्म पावडरीत झाला. रव्याहूनही बारीक अशी तांब्याची पूड, तिचा पातळ थर, त्यावर लेसरचं टोक सरसर फिरणार. मग पुन्हा थर, पुन्हा लेसर. अशी मी तळापासून वर छापली गेले. माझ्या अंगात एकही सांधा नाही. आतून मात्र पाण्याच्या नळ्या आहेत, वळणावळणाच्या, कारण पोटातून थंड पाणी खेळलं नाही तर मीच वितळायची.

मला कॉम्प्युटरवर रेखाटलं इम्केनं. इम्के म्हणजे इथली नवी इंजिनियर. छपाई झाल्यावर तिनं मला उलटी केली, सुलटी केली, हलवली, ठोकली, नळ्यांतून हवा फुंकली. एवढीशी पूड आत राहिली तरी पाणी तुंबेल, या काळजीनं तिला झोप नव्हती. तिचं बघून मलाही काळजी करायची सवय लागली.

माझ्या आधी या जागेवर थोरली होती. तांब्याची नळी हातानं वाकवून, सांधे चांदीनं जोडून, इथले जुने कारागीर गेर्नोट उस्ताद, त्यांनी तिला घडवलेलं. तिचं नाव त्यांनी हानेलोरे ठेवलं होतं. सांधे तापून तापून गळायला लागले आणि ती भंगाराच्या पेटीत गेली. पहिल्याच दिवशी तिनं पेटीतून मला हाक मारली.

"ए नवी! सांधे नाहीत म्हणे तुला?"

"नाहीत."

"मग तुझं दुखतं तरी काय?"

"सगळंच," मी म्हणाले.

मालकीण फेल्डहॉफबाईंनी इम्केला स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत ही टिकली, माणसांनी वापरली, तर छापील कॉइली ठेवू. नाहीतर नळ्या वाकवायला परत सुरुवात, आणि तुमच्या नोकरीचंही तेव्हाच बोलू." म्हणजे शुक्रवारी एक तर आम्ही दोघी राहणार, नाहीतर मी पेटीत आणि इम्के दाराबाहेर.

मी उत्तम काम करत होते हो! चाकाच्या दातांबरहुकूम माझी आतली कड नागमोडी, त्यामुळे प्रत्येक दात सारखा तापायचा. तरी उस्तादांचं आपलं चालूच.

"हिचा सूर बरोबर नाही."

"उस्ताद, कॉइलला सूर कसला?" इम्के म्हणायची.

"पोरी, हानेलोरे गायची. ही कण्हते. काय रे टुंजाय?"

शेजारच्या यंत्रावरचा टुंजाय मान डोलवायचा. "कण्हते खरी. रंगही आजारी वाटतो."

बिचारी इम्के आलेख आणायची, ताप मोजायची. खरं कारण त्या दोघांखेरीज फक्त मला आणि थोरलीला ठाऊक होतं. थोरली होती गोल. आणि वाटाण्याच्या सूपाचा पत्र्याचा डबा तिच्यात असा बसायचा, जसा काही मापानं शिवलाय! वर्षानुवर्षं दुपार झाली की उस्ताद झाकण अर्धवट उघडून डबा तिच्यात ठेवणार, वीज अगदी मंद करणार, पेपर उघडणार. फुटबॉलचं पान वाचून होईतो सूप रटरटायला लागायचं. मग टुंजायच्या मसूर सूपाची पाळी. वर ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे, पण उस्तादांनी त्यात एकदा मासा तापवला, तेव्हापासून तिथे त्यांना बंदी आहे.

आणि आता मी. नागमोडी. माझ्यात डबा जाईना.

गुरुवारी दुपारी इम्के पाव आणायला गेली. "जेवण गोड लागो!" म्हणून जाताना तिनं दोघांना हातही केला; जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना असं म्हणायची इथली रीतच आहे. ती दाराबाहेर पडली मात्र, उस्ताद खिशातून डबा काढून माझ्याकडे यायला लागले.

"नको, उस्ताद," टुंजाय म्हणाला.

"नुसतं कोमट रे."

"नको!" मीही ओरडले. पण मी ओरडले तरी माणसांना ते कण्हल्यासारखंच ऐकू येतं.

डबा आत जाईना, म्हणून त्यांनी तो माझ्यावर तिरका टेकवला. वीज नेहमीइतकीच मंद ठेवली. पेडल दाबलं. पेपरची घडी अजून उलगडायची होती, तेवढ्यात धडाम! यंत्र बंद पडलं, धोक्याचा भोंगा ठणाणा करू लागला आणि मी डोक्यापासून पायापर्यंत हिरवीगार!

इम्के धावत आली. माझ्या अंगावरून हिरवं काहीतरी ठिबकताना बघून तिचा पाव हातातून पडला.

"गळली! तांबं गंजलं! आतून कुजली!" ती मटकन खालीच बसली.

फेल्डहॉफबाई जिना उतरून आल्या. "काय झालं, उस्ताद?"

उस्तादांनी पेपर पाठीमागे लपवला. त्यांच्या भुवईवर एक वाटाणा होता. टुंजाय छताकडे बघत होता. पेटीतून थोरली कुजबुजली, "बाजूला सरकून जागा करू का तुला?"

इम्केनं रडत रडत माझ्यावरून बोट फिरवलं. थबकली. बोटावर काहीतरी गोल चकती होती.

फेल्डहॉफबाईंनी चष्मा वर केला. "इम्के, तुम्ही कॉइलमध्ये सॉसेजसुद्धा छापलंत?"

टुंजायला हसू आवरेना. मग उस्तादांनी भुवईवरचा वाटाणा काढला आणि सगळं सांगून टाकलं, अगदी माशापर्यंत.

मला वाटलं आता इम्के त्यांच्यावर खेकसणार. पण ती डोळे पुसून उठली.

"उस्ताद, हानेलोरेवर सूपाला किती वेळ लागायचा?"

"फुटबॉलचं पान होईस्तोवर."

"आणि हिच्यावर? वीज तेवढीच?"

"तेवढीच. हात मागे घ्यायला मिळाला नाही, पोरी."

"मग हेच तर मी महिनाभर सांगतेय! तेवढ्याच विजेत दुप्पट काम!"

उस्तादांनी माझ्या नागमोडी कडेवरून बोट फिरवलं. आलेख त्यांना कधी पटला नव्हता, सूप पटलं. "भारी आहे की कार्टी," ते म्हणाले. पाणी सोडून बघितलं, एक थेंबही गळला नाही. फेल्डहॉफबाई शुक्रवारपर्यंत थांबल्याच नाहीत. "दोघी राहतील," म्हणाल्या. "आणि इम्के, हवा तो आकार छापता येतो ना? मग यांच्या डब्याच्या मापाची एक छापा. मंद आचेची. माझ्या यंत्रावर पुन्हा सूप दिसता कामा नये."

अशी मला धाकटी बहीण झाली. गोल, गुबगुबीत. ती जेवणाच्या खोलीत राहते, दिवसभर झोपते, दुपारी दोन डबे तापवते, आणि उस्ताद तिला रोज थोपटतात. मी ढिगानं चाकं कडक करते, मला कोण थोपटतंय!

तरी माझी तक्रार नाही. त्या दिवशीचा एक वाटाणा माझ्या मागच्या वळणात अडकून बसलाय. माझ्या अंगात थंड पाणी खेळतं ना, त्यामुळे तो जळत नाही, नुसता कोमट होतो. सकाळी पहिलं चाक तापलं की हॉलभर मंद वास सुटतो, आणि नाश्तासुद्धा न झालेली माणसं एकमेकांना "जेवण गोड लागो!" म्हणत माझ्याकडे बघून हसतात.

इम्के परवा ब्रश घेऊन मला साफ करायला येणार आहे. तुम्ही तिला भेटलात तर माझा एवढा निरोप द्या: बाई, सगळं पूस, पण तो वाटाणा राहू दे.