चूलबंद

कोंडीबा गुरवाने हंबीररावाच्या उंबऱ्यावर अक्षत ठेवली, घसा साफ केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हंबीरराव येसबा, दादासो पाटलाच्या लेकीचं लगीन परवा. चूलबंद आवतान हाय." मग टोपी सारखी करून तो पुढच्या घराकडे निघाला.

हंबीररावाचं घर आणि पुढचं घर यांच्या मधे एक खोली आहे. तिला स्वतःचं दार आहे, दाराला कडी आहे, आत चूल आहे. त्या दारात हंबीररावाचा धाकटा भाऊ कृष्णात हातपाय धुऊन, धुवट सदरा घालून उभा होता. कोंडीबा त्याच्या समोरून गेला तो असा, की तिथं जणू दारच नव्हतं.

"माजं?" कृष्णात म्हणाला.

कोंडीबा थबकला. तसा वाईट माणूस नव्हता तो. "तुजं त्यातच आलं, गड्या. भावाच्या चुलीत."

"माजी चूल हाय."

समोरच्या कट्ट्यावर बसलेली माणसं हसली. कोंडीबाही हसला, कारण हसलं की सुटका होते, आणि पुढे गेला.

आता हे चूलबंद प्रकरण काय ते सांगायला हवं. चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी मांडवात जेवायचं. हे आवतण माणसाला नसतं, चुलीला असतं. त्यामुळे गावात कोण कुणापासून वेगळा झाला हे तलाठ्याच्या आधी गुरवाला ठाऊक. तलाठ्याचं दप्तर हलेल तेव्हा हलेल, पण गुरवाने दोन उंबऱ्यांवर दोन अक्षता ठेवल्या की गावाच्या लेखी दोन घरं झाली, आणि मग त्यावर कुणी ब्र काढत नाही. दोघा भावांची आई गेल्यापासून गावातलं हे पहिलंच चूलबंद होतं. म्हणून तर कृष्णात हात धुऊन उभा होता. आणि म्हणूनच हंबीरराव दाराआड उभा राहून कान देत होता. अक्षत एकच पडली हे बघून त्याने समाधानाने तंबाखू मळायला घेतली.

त्याला ती खोली खताची पोती ठेवायला हवी होती. भावाची सोय त्याने गोठ्यात करून ठेवली होती.

कृष्णात एकतीस वर्षांचा होता. पाचव्या वर्षी चालायला लागला, सातव्या वर्षी बोलायला लागला, आणि शाळेत घातला तर मास्तरांनी तिसऱ्या दिवशी हाताला धरून परत आणून सोडला. चारच्या पुढे त्याला मोजता येत नाही. नवीन माणूस भेटला की तो आधी त्याच्या पायांकडे बघतो आणि बऱ्याच वेळाने तोंडाकडे. एवढं भांडवल गावाला पुरलं. गावाने त्याला येडं म्हणायला सुरुवात केली. येडा नव्हे बरं का, येडं. गोठ्यातला बैलसुद्धा तो असतो, पण कृष्णात ते होता. ते आलं, ते गेलं, त्याला शिळंपाकं काय असंल ते द्या. एकतीस वर्षं कुणाच्या जिभेला त्याचं काही वाटलं नाही.

आई बनुबाई मात्र त्याला कृष्णातच म्हणायची. औंधाच्या यमाईला तिने किती खेटे घातले त्याला गणती नाही, पण नवरा गेला तेव्हा एक दिवस तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की देवी काही ह्याला भाकरी करून घालायला येणार नाही. थोरला घालील, पण गोठ्यात घालील. त्या दिवसापासून तिने खेटे बंद केले आणि पोराला चुलीपुढे बसवलं. रोजच्या दोनतीन भाकरी करपत, एखादी परातीतच मोडे. तो हात भाजून घेई आणि रुसून बसे. शेजारणी म्हणायच्या, लेकाबरोबर आईचंबी डोकं फिरलं, बाप्या माणसाला असलं शिकवतात व्हय? ती म्हणायची, "मी काय जल्माला पुरतीया?" तिने त्याला आकडे शिकवलेच नाहीत. पीठ मुठीने, पाणी ओंजळीने आणि तवा तापला की नाही ते वर धरलेल्या तळहाताने. सहा वर्षं लागली. गेल्याच्या आदल्या माघात ती गेली, चौदावा झाला, पाव्हणेरावळे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या कौलांतून धूर निघाला. पंधरा महिने तो रोज निघत होता.

हंबीररावाने गावभर सांगायला सुरुवात केली, की हे येडं एक दिवस घर पेटवंल, आळी पेटवंल. माणसं मान डोलवायची. अरे, पण ह्याच हंबीररावाच्या गुऱ्हाळावर दर हिवाळ्यात चार महिने चुलवाणात चिपाडं सारायला कोण बसतं? कृष्णातच बसतो. कंबरेएवढ्या जाळापुढे, पहाटेपासून, आणि जाळ इकडचा तिकडे होऊ देत नाही. तिथे तो घर पेटवत नाही, गूळ पिकवतो. स्वतःची भाकरी भाजायची म्हटलं की लगेच आळीला धोका! हे कुणी हंबीररावाला तोंडावर विचारलं नाही. त्याच्या गुऱ्हाळावर सगळ्यांचा ऊस जात होता.

लग्न वैशाखातलं, भर दुपारचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, नदीकाठी ऊस पुन्हा उभा राहिला होता, आणि दादासो पाटलाने हात सैल सोडला होता. नवरदेव तासगावकडचा. आधीचे दोन दिवस मांडवामागे लाकडं फोडायला कोण होतं म्हणता? कृष्णात. लाकडं फोडायला त्याला बोलवायला माणूस आला होता, थेट त्याच्या दारात, न चुकता.

लग्नाच्या दिवशी तो नदीवर अंघोळ करून आला आणि दारात बसून राहिला. कोंडीबा येईल म्हणून त्याने वाट पाहिली. वाजंत्री सुरू झाली, गल्ली रिकामी झाली, भाऊ-भावजय पोरांना घेऊन गेली. ये म्हणून कुणी हाक मारली नाही, कारण ते येईलच आपलं आपण, असं सगळ्यांनी धरलेलं. पण आईने शिकवलेलं सरळ होतं. आवतण असलं तर चूल बंद, नसलं तर चूल चालू. अक्षता पडल्याची आरोळी ऐकू आली तेव्हा त्याने उठून परात घेतली, मुठीने पीठ काढलं आणि चूल पेटवली.

इकडे पहिली पंगत बसत होती. नवरदेवाचा मामा पलटणीतून निवृत्त झालेला सुभेदार. हात धुवायला तो मांडवाबाहेर आला आणि सवयीने त्याने चौफेर नजर टाकली. सगळ्या गावाच्या कौलांवर नुसतं ऊन होतं, आणि मधेच एका जागी धूर सरळ वर चालला होता. त्याने दादासोला जवळ बोलावलं.

"पाव्हणं, गावात एक चूल पेटलीया. कुणाला इसरला काय?"

दादासो पाटलाचा चेहरा उतरला. चूलबंदच्या दिवशी गावात धूर दिसणं म्हणजे यजमानाने एक घर टाकलं असं व्याह्याच्या तोंडावर सांगणं. तो घाईने म्हणाला, "न्हाई, न्हाई, सुभेदारसायेब. येडं हाय त्ये एक."

सुभेदार "आसं व्हय" म्हणाला आणि पानावर जाऊन बसला. चांगला जग बघितलेला माणूस, पण येडं म्हटल्यावर त्यालाही पुढे विचारायचं सुचलं नाही.

दादासोने हंबीररावाकडे नुसतं बघितलं. हंबीरराव उठला, वाटेत हौदावरची बादली भरून घेतली, आणि खोलीत शिरून ती चुलीत ओतली. सगळीकडे राख आणि वाफ. कृष्णात परात छातीशी धरून मागे सरकला, पिठात पाणी जाऊ नये म्हणून. मग हंबीररावाने चुलीला लाथ घातली. आईच्या हातची चूल, एका लाथेत तिचे दोन तुकडे झाले. पाटलाची आब्रू घालवतोस का, असं काहीतरी तो ओरडत होता. कृष्णातने परात खाली ठेवली, तिच्यावर ताट झाकलं आणि मगच भावाने धरलेल्या दंडाबरोबर तो चालू लागला.

पंगतीच्या अगदी शेवटाला, पाण्याच्या पिंपाशेजारी, त्याच्यापुढे पत्रावळ टाकली. वाढपी भात घेऊन आला. कृष्णातने दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले.

"वाढू नगा. मला आवतान न्हाई."

तो मोठ्याने बोलला नव्हता, पण आसपासची बोलणी थांबली आणि मग ती थांबलेली सगळ्यांनाच कळली. तासगावकर माना वळवून बघू लागले. दादासो कसंनुसं हसला आणि म्हणाला, एवढंच ना, दे रं कोंडीबा त्याला आवतान, हितंच दे.

कोंडीबा अक्षतांची वाटी घेऊन आला आणि कृष्णातपुढे उभा राहिला. नाव घ्यायचं होतं. दोन शब्द, कृष्णात येसबा. पण ते दोन शब्द गावादेखत उच्चारले की खोली त्याची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. हंबीरराव चार पानं पलीकडे हात गुडघ्यावर ठेवून बसला होता आणि कोंडीबाच्या तोंडाकडे बघत होता. दादासोने पुन्हा सांगितलं नाही, हंबीररावाकडे बघितलं आणि उगाच मांडवाचा खांब हलवून पाहिला. येत्या कारखान्याच्या निवडणुकीत त्याला हंबीररावाच्या आळीची मतं हवी होती. सुगीला कोंडीबाच्या घरी धान्य येतं ते दोघांच्याही खळ्यावरून येतं. दोनशे माणसं पानावर होती. त्यातल्या एकाने, फक्त एकाने म्हणायचं होतं, की घे की त्याचं नाव. दोनशे तोंडं होती, आणि तेवढ्या वेळात कुणी मीठ सारखं करत होतं, कुणी द्रोण. थू असल्या जेवणावर!

"हंबीरराव येसबा," कोंडीबा म्हणाला, "आनि घरची समदी."

कृष्णात पुढचं ऐकायला थांबला. पुढचं काही आलं नाही.

"ह्ये सांगिटलंस की परवाच," तो म्हणाला, आणि उठला. त्याने रिकामी पत्रावळ उचलून वाढप्याच्या हातात दिली, कारण ती वाया जाऊ द्यायची नसते, आणि दोन ओळींच्या मधून, कुणाच्या पानाला पाय न लागू देता, मांडवाबाहेर गेला. भरल्या पंगतीतून माणूस न जेवता उठला तर यजमान पाय धरतो. दादासो म्हणाला, जाऊ द्या त्याला. मग श्लोक झाला आणि सगळे जेवले. बुंदी चांगली झाली होती, असं नंतर सगळे सांगत होते.

घरी आल्यावर कृष्णातने चुलीचे तुकडे एका कडेला नीट लावून ठेवले. राखेचा चिखल उपसला. मागच्या बांधावरून तीन दगड आणून मांडले. लाकडं भिजली होती, त्यामुळे पेटायला फार वेळ लागला. डोळे चुरचुरून पाण्याने भरले, ते त्याने सदऱ्याला पुसले. अखेर जाळ धरला. कौलांतून पुन्हा धूर निघाला, पहिल्यापेक्षा काळा आणि जाड. तो मांडवातून दिसत होता. ह्या वेळी पाव्हण्यांपैकी कुणी काही विचारलं नाही.

दुसरी भाकरी तव्यावर होती तेव्हा दारात सावली पडली. कोंडीबा होता. गुरव शेवटच्या पंगतीला जेवतो, त्यामुळे तोही अजून उपाशीच होता. त्याने गल्लीत वर बघितलं, खाली बघितलं. कुणी नव्हतं. मग तो वाकला, उंबऱ्यावर अक्षत ठेवली, आणि आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "कृष्णात येसबा. चूलबंद आवतान हाय."

कृष्णातने आधी त्याच्या पायांकडे बघितलं, आणि मग पुष्कळ वेळाने तोंडाकडे.

"आता पेटलीया," तो म्हणाला.

कोंडीबा तसाच उभा राहिला. कृष्णातने तव्यावरची भाकरी काढली, निखाऱ्याला लावून उभी केली, आणि तिसरीसाठी पीठ हातात घेतलं.