गळा सोडून धुतलेला स्वेटर

मित्रांनो, कोपऱ्यात उभी आहे ना, ती मी. कपडे धुण्याची एक जुनी मशीन. माझा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. पोटाला गोल काचेचं दार आहे. मी चालू झाले की फरशी अशी हादरायची, की शेजारच्या खोलीतल्या मुलांना आगगाडी आल्यासारखं वाटायचं. त्यांनीच माझं नाव खडखड आत्या ठेवलं.

माझ्या पोटाचं लोखंड आधी एका जहाजाला होतं आणि त्या जहाजाने सात वादळं पचवली होती. पुरावा मागू नका. ज्याला पुरावा हवा असेल त्याने जहाज शोधावं. कारखान्यातून निघून मी एका हॉटेलात गेले. तिथे सकाळी पांढऱ्या चादरी, संध्याकाळी पांढऱ्या चादरी. एकदा मात्र मी राजाचा अंगरखा धुतला. राजा नाटकातला होता, पण मळ खरा होता. तिथले व्यवस्थापक पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "ही आहे म्हणून आपली अब्रू आहे." पुढे माझा पाय मोडला, अब्रू दुसऱ्या मशीनकडे गेली आणि मला या घराला देऊन टाकलं.

हे घर म्हणजे अडचणीतल्या मुलांचा तात्पुरता आसरा. कोणाच्या घराला आग लागते, कोणी बाजारात चुकतं, कोणाला घरातच मार बसतो. अशा मुलांना इथे थोडे दिवस ठेवतात आणि तेवढ्यात त्यांच्यासाठी नात्यातलं माणूस नाहीतर कायमची जागा शोधतात. घराला नियम भारी. मुलांपाशी एक मोठं माणूस सतत जागं हवं. भावंडांची ताटातूट करायची नाही. दारात आलेल्या परक्याला आत कोण आहे ते सांगायचं नाही. आणि माझ्या खात्याचा नियम असा, की नव्या मुलाच्या अंगावरचे सगळे कपडे त्याच दिवशी धुवायचे आणि घडी घालून त्याचे त्याला परत द्यायचे. एकदा एका टोपीतून उवा उतरल्या आणि घराच्या प्रमुख मोठ्या बाईंसकट सगळ्यांनी उन्हाळाभर डोकी खाजवली, तेव्हापासूनचा हा नियम. (मोजे मी खाते अशी माझी बदनामी आहे. मोज्यांना पाय फुटतात, त्याला मी काय करू?)

एका सकाळी एक मुलगी आली. तिची आई पावाच्या भट्टीत कामाला होती. तिथेच ती चक्कर येऊन पडली, तिला दवाखान्यात नेलं आणि घरी दुसरं कोणीच नव्हतं. मुलीच्या अंगात आईचा स्वेटर होता. बाह्या जमिनीवर लोळत होत्या. मुलांनी दुपारच्या आत तिला शेपटी म्हणायला सुरुवात केली.

ती आंघोळीला गेली तेवढ्यात कपडे सांभाळणाऱ्या मावशींनी स्वेटर माझ्या पोटात टाकला आणि दार लावलं. शिवणीतून चिमूटभर पीठ सांडलं. मावशी साबण मोजतात तोच ओल्या केसांनी शेपटी दारात हजर.

"मावशी, माझा स्वेटर कुठेय?"

"आंघोळीला गेलाय. तुझी झाली, आता त्याची."

"नको. बाहेर काढा."

"अगं राणी, मळलाय बघ किती. तासाभरात नव्यासारखा करून देते."

"मला नव्यासारखा नकोय. आईसारखा पाहिजे."

मावशींचा हात बटणावर थबकला. त्या दुष्ट नव्हत्या हो. पण उवांचा तो उन्हाळा त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी बटण दाबलं.

आणि मित्रांनो, मी दातखीळ बसवून घेतली. पाणी घेईना, फिरेना, दारही उघडेना. मावशींनी मला दोन थपडा मारल्या. ज्या लोखंडाने सात वादळं पचवली त्याला दोन थपडांचं काय?

पण मी अर्धाच विचार केला होता. स्वेटर भिजला नाही हे खरं, पण तो तिला मिळालाही नाही. ती काचेला गाल लावून बसली. जेवायला उठली नाही. बाकीच्या मुलांनी बोलावलं तरी हलली नाही.

दुपारी मिस्तरी आला. "दाराची कडी झिजलीय," तो म्हणाला. "म्हातारी झाली ही." म्हाताऱ्या माणसाला म्हातारं म्हणावं, पण त्याच्या पोटात हात घालताना तरी म्हणू नये. एवढ्यात मोठ्या बाई आल्या. काचेपाशी बसलेली मुलगी आणि झाकलेलं ताट त्यांनी पाहिलं.

"हा धुण्याचा नियम कोणी केला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच केलात की," मावशी म्हणाल्या. "खाजवत खाजवत केलात."

मोठ्या बाई शेपटीशेजारी फरशीवरच बसल्या. "आमची पण अडचण आहे गं. मळका कपडा तसाच ठेवला तर सगळ्यांना खाज सुटते. मग काय करायचं, तू सांग."

शेपटीने बराच विचार केला. "बाह्या धुवा. त्या मीच चिखलात घातल्या. खिसे पण धुवा. गळा नको. आई गळ्याशी आहे."

"आणि उवा?" मावशी म्हणाल्या.

"नाहीत मला. आईने बघितलंय."

"आईने बघितलं असेल. मी पण बघणार." मावशींनी तिला मांडीशी घेऊन बारीक फणीने सगळं डोकं विंचरलं. एकही ऊ निघाली नाही. मावशींना थोडं वाईटच वाटलं.

तोवर मिस्तरीने दार उघडलं. मावशींनी घमेल्यात पाणी घेतलं आणि हाताने बाह्या चोळल्या. गळा त्यांनी वर धरला होता, तान्ह्या बाळाचं डोकं पाण्याबाहेर धरतात तसा. मी रिकाम्या पोटाने बघत राहिले. एवढ्या गोधड्या न् गणवेश फिरवले मी, पण जो फिरवला नाही त्याचीच आठवण येते.

मग शेपटी रोज माझ्यापाशी येऊन बसायची. गळ्यात नाक खुपसायची. एक दिवस ती मावशींना म्हणाली, "आज कमी झालीय आई." मावशी घडी घालत होत्या, त्यांनी तीच घडी मोडून पुन्हा घातली. इकडे इथे राहण्याचे दिवसही सरत आले होते आणि मोठ्या बाई तिच्यासाठी दुसरीकडे जागा बघत होत्या. दातखीळ बसवून कपडा अडवता येतो, पण दिवस कसे अडवायचे?

आणि जागा ठरायच्या आधी आई आली. वाळली होती, भिंत धरून चालत होती. शेपटी धावली आणि हातभर अंतरावर एकदम थांबली.

"अगं, मीच आहे," आई म्हणाली.

"औषधाचा वास येतोय तुला."

शेपटीने डोक्यावरून स्वेटर काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हा घाल आधी. संपत आलाय."

आईने तो घातला. बाह्या बरोब्बर मनगटाशी आल्या. शेपटी तिच्या गळ्याला अशी बिलगली, की मावशी दोघींच्या पिशव्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मग त्या गेल्या. इथून गेलेलं मूल पुन्हा येऊ नये असंच आम्ही सगळे म्हणतो. मीही म्हणते. पण फाटक वाजलं की काच तिकडेच वळवावीशी वाटते.

आता कामाला नवी मशीन आली आहे. मला कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल केलं आहे. पण माझ्या खात्याच्या नियमात मोठ्या बाईंनी दोन शब्द घातले: 'मुलाला विचारून'. आता कोणी टोपी धुवू देतं पण रुमाल नाही, कोणी सगळंच धुवू देतं.

मित्रांनो, कोणी लहान मूल काही मळकं, विटकं उराशी धरून बसलं असेल, तर साबण घेऊन धावू नका. आधी विचारा. आणि तुमची आई असेल, आजी असेल, जे कोणी तुम्हाला जवळ घेतं, त्यांच्या गळ्याशी आज एकदा नाक नेऊन बघा. देवाने तुम्हाला नाक दिलं आहे. मला कारखान्याने सगळं दिलं, तेवढं दिलं नाही. कधी इकडून जाणार असाल, तर तो वास कसा असतो, एवढं मला सांगून जा.