धुक्यातली थाळी

"पूंजी, वजूला दाईच्या हवाली कर आणि चल माझ्याबरोबर," अमथीभाभी दारातूनच म्हणाली. तिच्या एका हातात काशाची थाळी होती आणि दुसऱ्यात बाभळीचा दांडका.

आत तिची सून वजू कळा देत होती. पहिली मुलगी माहेरी झाली, ही दुसरी खेप सासरी. वजूची आई मोंघीबेन, भाभीची वेवाण, लेकीसाठी आली होती, आतल्या कापूसवाल्या मुलखातली बाई. समुद्र तिनं पाहिला तो लेकीच्या लग्नात, आणि तेव्हाही नाकाला पदर लावून.

"घरात बाळंतीण आणि सासू चालली थाळी बडवायला!" ती म्हणाली. "वेवाण, तुमच्या टिंब्यावर सगळ्या सासवा अशाच का?"

"जरा बाहेर बघा, वेवाण," भाभी म्हणाली.

बाहेर बघायला काही उरलंच नव्हतं. अंगणातला गोठा दिसत नव्हता. पहाटे होडी ओहोटीबरोबर बाहेर गेली तेव्हा आभाळ लख्ख होतं. रेडिओवर आदल्या रात्री सांगितलं होतं, वारा हलका, समुद्र शांत. ते खोटं नव्हतं. वारा पडलेला होता आणि समुद्र शांतच होता. पण उजाडता उजाडता पाण्यावरून धुकं उठलं आणि बघता बघता अख्खा टिंबा, खाडीकाठच्या उंचवट्यावरची आमची सगळी वस्ती, गिळून बसलं. वादळ बरं, ते निदान ओरडत येतं. धुक्याचा आवाज नसतो, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

होडीत भाभीचा मुलगा मेघजी, वजूचा नवरा, होता, आणखी दोघं होते, आणि माझे घरधनी होते. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, आमच्यात कोणतीच बाई घेत नाही. आमच्या रामीचे बापू म्हणते.

आमचं घर आणि भाभीचं घर एकाच भिंतीचं. ती माझ्या जेठांची, थोरल्या दिरांची, बायको. जेठजी समुद्रात गेले तेव्हा मेघजीला मिसरूडही फुटलं नव्हतं. भर उन्हाच्या दिवसात गेले. होडी सापडली, वल्हं सापडलं, माणूस काही सापडलं नाही. गावानं महिनाभर वाट पाहिली आणि मग बायका बांगड्या फोडायला भाभीच्या दारी गेल्या. तिनं दाराला कडी लावली. आतून म्हणाली, "मढं दाखवा, मग फोडा." कोण दाखवणार? तेव्हापासून तिच्या हातात बांगड्या तशाच, कपाळावर टिकली तशीच, लाल ओढणी तशीच. लग्नात तिला सवाष्णींत बसवावं तरी पंचाईत, विधवांत बसवावं तर ती ताटावरून उठून जायची. हळूहळू तिला बोलावणीच येईनाशी झाली. पाठीमागे बायका हसत. खोटं कशाला सांगू, मीही हसले आहे.

आणि त्याच वर्षापासून धुक्यातली थाळी तिनं आपल्याकडे घेतली. होडी बाहेर असताना धुकं उतरलं की खाडीच्या तोंडाशी कोणीतरी उभं राहून थाळी वाजवायची, ही आमची जुनी रीत. आवाजाच्या रोखानं होडी आत येते. आधी ज्याला सवड असेल तो जायचा. मग भाभीच जाऊ लागली. ती ती थाळी फक्त होडीसाठी वाजवत नव्हती, हे टिंब्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आम्ही दोघी बांधावरून निघालो. टिंब्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत चिखलाचा तो एकच बांध. पाय घसरत होते. भाभी पुढे, तिची पाठ सुद्धा धड दिसत नव्हती.

"भाभी, काल अमावास्या झाली," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"उधाणाची भरती असेल."

"पूंजी, मला सगळं ठाऊक आहे. तू नुसती चाल गं बाई."

आमच्या आखातातली भरती धावत येते. उधाणाला तर घोड्यासारखी. ती सुरू झाली की होडीला आपोआप किनाऱ्याकडे ओढून आणते, वल्ही मारायची ती नुसती डावीउजवीकडे वळण्यापुरती. उजव्या हाताला खाडीचं तोंड. तिथं शिरलं की होडी दारात आल्यासारखी. डाव्या हाताला, टिंब्याच्या बरोबर समोर, काळे खडक. भरतीत ते पाण्याखाली जातात आणि वरून पाणी नुसतं उकळत असतं. एकदा होडी त्या बाजूला वळली की उलट्या पाण्यात वल्ही मारून परत फिरणं चार बैलांनाही जमायचं नाही.

म्हणून धुकं असताना टिंब्यावर दुसरं काही म्हणजे काही वाजत नाही. पुजारी घंटेला फडकं गुंडाळतो. बैलांच्या घुंगरांत चिंध्या कोंबतात. तान्ह्याचा खुळखुळा सुद्धा आया काढून ठेवतात. हे मोंघीबेनला कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं असं कोणाच्या मनातच आलं नाही. पाहुण्याला चुलीत हात घालू नका म्हणून कोण सांगतं?

खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि भाभीनं थाळी वाजवायला घेतली. तीन ठोके, एक श्वास, पुन्हा तीन ठोके. मी समुद्राकडे कान लावून उभी. मग लांबून एक आवाज सुरू झाला, सुपात ज्वारी घोळवावी तसा. भरती लागली होती.

"आली का गं होडी?" भाभीनं विचारलं. "काही ऐकू येतं?"

"पाणीच ऐकू येतंय."

तेवढ्यात थाळी ऐकू आली. दुसरी. मला आधी वाटलं आपलाच आवाज कुठेतरी आपटून परत येतोय. भाभीचा दांडका हवेतच थांबला. आमची थाळी गप्प झाली तरी ती वाजतच होती, टिंब्याच्या बाजूनं, घाईघाईनं, न थांबता.

भाभीचं तोंड उजळलं. इतक्या वर्षांत मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता.

"मुलगा झाला, पूंजी," ती म्हणाली. "वजूला मुलगा झाला."

आमच्याकडे मुलगा झाला की घरच्या थोर बाईनं दारात थाळी वाजवायची. आतल्या मुलखात वाजवतात, किनाऱ्यावर वाजवतात, सगळीकडे वाजवतात. मोंघीबेन आपल्या जागी बरोबरच होती. आणि थाळ्याही काशाच्याच. धुक्यातून समुद्रापर्यंत ठोक्यांचा हिशेब पोचत नाही, नुसता खणखणाट पोचतो.

भाभीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलंही नव्हतं, आणि डोळे मात्र समुद्राकडे वळले होते.

"पळ," ती म्हणाली. "जाऊन हात धर तिचा. मला इथून हलता येत नाही. पळ, पूंजी!"

मी पळाले. पळाले कसली, घसरत, आपटत, हातांनी चिखल धरत निघाले. त्या दिवशी बाजारवार. धडधाकट बायका पहाटेच्या मोटारीनं टोपल्या घेऊन गेलेल्या. टिंब्यावर राहिलेल्या म्हाताऱ्या, त्यातल्या निम्म्या बहिऱ्या. दाईचे हात बाळंतिणीत अडकलेले. मोंघीबेनला थांबवणार कोण? मी बोंब मारली. "ए वेवाण! बंद करा! बंद करा हो!" धापेत माझा आवाज चार पावलांपुढे जाईना.

अर्ध्या वाटेवर मी आले असेन. पुढून एक थाळी, मागून एक थाळी. मधे उभी राहिले तर मलाच कळेना कोणती कुठली. मी या मातीत राबलेली बाई, पायाखाली बांध होता, तरी माझं डोकं फिरलं. मग पाण्यात, उकळत्या भरतीवर, बसलेल्या चौघांचं काय होत असेल?

आणि तेव्हाच मला हाक ऐकू आली. "ओ... हो..." रामीच्या बापूंचा आवाज. मी तो कुठेही ओळखते. तो डाव्या अंगानं आला होता, खडकांच्या बाजूनं.

धावायचं तर टिंबा अजून अर्धी वाट लांब होता, आणि पाणी माझ्यापेक्षा दहा पट जोरात धावत होतं. मी तिथंच चिखलात बसले. आई खोडियारला म्हटलं, मला ने, माझ्या बांगड्या ने, काय हवं ते ने. काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. बांगड्या नेल्या तर मग राहिलं काय?

मग मागून ते आलं.

आधी मला कोल्हं ओरडल्यासारखं वाटलं. मग सूर वर चढला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो मरसिया होता. मेल्या माणसाचं नाव घेऊन बायका जे छाती पिटत रडतात, तो. भाभी रडत होती. मला वाटलं, होडी फुटली. तिला दिसली असणार. मेघजी गेला. रामीचे बापू गेले.

मग मी नाव ऐकलं.

भाभी जेठजींचं नाव घेत होती. मी त्या घरात नवरी होऊन आले तेव्हापासून तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. "मेघजीचे बापू" म्हणायची, "घरचे" म्हणायची. आता पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, फाटलेल्या गळ्यानं.

"हाय रे, तू पाण्यात गेलास, हाय हाय! तुझी वाट मोडली, हाय हाय! तुझा चुडा मी फोडला, हाय हाय!"

आणि प्रत्येक 'हाय हाय'ला ठोका. मरसिया म्हणताना बायका छातीवर हात मारतात. तिचे हात मोकळे नव्हते. ती थाळीवर मारत होती.

धुक्याचा कायदा मोंघीबेनला ठाऊक नव्हता. पण मरसिया ऐकल्यावर आनंदाची थाळी बंद करायची, हे कोणत्याही बाईला शिकवावं लागत नाही. तिची थाळी एका ठोक्याच्या मधेच गप्प झाली.

मग साऱ्या धुक्यात एकच आवाज उरला.

मी उठले तेव्हा टिंब्याकडून बायका आल्या. चार म्हाताऱ्या, डोक्यावरून पदर ओढलेल्या, आणि त्यांच्या पुढे मोंघीबेन, अनवाणी. मरसिया ऐकला की जायचं, कोण मेलं ते तिथं जाऊन विचारायचं. मोंघीबेननं माझा दंड धरला.

"कोण गेलं गं? माझे जावई का? सांग ना!"

"चला," मी म्हटलं.

खाडीच्या तोंडाशी भाभी गुडघ्यांवर बसली होती. आवाज बसला होता, तरी म्हणत होती. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत चढलं होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. म्हाताऱ्यांनी नाव ऐकलं आणि त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग त्यांतली सगळ्यात थोरली जीवीमा, जिनं त्या वेळी बांगड्या फोडायला जाऊन भाभीच्या दाराची कडी वाजवून वाजवून हात दुखवून घेतले होते, ती मुकाट्यानं पाण्यात भाभीच्या शेजारी बसली आणि छातीवर हात मारू लागली. "हाय हाय." मग सगळ्याच बसल्या. मोंघीबेनला कोणासाठी ते माहीत नव्हतं, तरी बसली. मीही बसले. होडी अजून आली नव्हती. मी कोणासाठी रडत होते ते देवालाच ठाऊक.

आधी वल्ह्याचा आवाज आला. मग काहीतरी काळं दिसलं, आणि मग एकदम जवळ, हाताच्या अंतरावर, होडीचं नाक.

रामीच्या बापूंनी नंतर सांगितलं. ते अर्धं वळले होते. मेघजी म्हणत होता, काका, हाच आवाज जवळचा. पायाखाली पाणी उकळायला लागलं होतं. तेवढ्यात ती थाळी बंद पडली आणि दुसऱ्या बाजूनं रडणं आलं. चौघांनी एकाच बाजूची वल्ही धरून हाडं मोडेपर्यंत मारली. रडणं होतं तिकडे माणसं होती, एवढंच त्यांना कळलं.

मेघजीनं कंबरभर पाण्यात उडी टाकली. बायका बसलेल्या पाहून त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

"मा! वजू...?"

"वजू बरी आहे," भाभी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुला मुलगा झाला."

त्यानं पाहिलं, आईकडे, सासूकडे, माझ्याकडे. "मग हे कोणासाठी?"

भाभीनं थाळी मांडीवर ठेवली. तिचे तळवे सोलून निघाले होते. हातांत बांगडी एकही नव्हती, मनगटावर रक्ताच्या रेघा होत्या. त्या तिनं कधी फोडल्या ते मला दिसलं नव्हतं.

"तुझे बापू गेले, मेघजी."

मला वाटलं पोरगं आता म्हणेल, मा, तुझं डोकं फिरलं का. आमच्यातलं कोणीही तेच म्हणालं असतं. रामीचे बापू होडीतून उतरता उतरता थांबले होते, एक पाय पाण्यात, एक होडीत.

"कधी?" मेघजीनं विचारलं.

"आत्ताच."

मेघजीनं डोक्याचं फडकं सोडलं, सुतकात बसतात तसा मोकळ्या डोक्यानं पाण्यात आईशेजारी बसला आणि तिचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले. भरती चढत होती. कोणीही उठलं नाही.