शिवणवालीच्या आतड्यातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी भक्षक पेशी. नाकं मुरडू नका, तुमच्याही पोटात माझ्या बहिणी आहेत. मी हाडांच्या मज्जेत जन्मले, रक्तातून वाहत आले आणि कारखान्यात पँट शिवणाऱ्या एका बाईच्या आतड्याच्या भिंतीत राहिले.

भिंतीपलीकडे जंतूंची अख्खी वस्ती. ते पचनाला मदत करतात, म्हणून त्यांना तिथं नांदू द्यायचं. एखादा चुकून आत शिरलाच, तर मुकाट्यानं गिळायचा, बोंब मारायची नाही. जन्मभर हेच केलं. शाबासकी कोण देणार? दुखत नाही तोवर पोटाला कोण विचारतो!

बाईची कंबर सारखी दुखायची. त्यात तिची नणंदच रांगेची सुपरवायझर. मशीन सोडून उठलं की ती खेकसायची. मधेच संडासला जावं लागू नये म्हणून बाई सकाळी काही खातच नसे. वर रिकाम्या पोटी रोज कंबरदुखीची गोळी. त्या गोळ्यांनी आमची भिंत सोलून काढली. जंतू लोंढ्यानं आत घुसले. मला एकटीला आवरेनात, म्हणून मी रक्तातल्या लढाऊ पेशींना हाका मारल्या. त्या पोरी भारी तापट! त्यांनी जंतू मारले आणि भिंतही जाळली.

"वन्सं, संडासातून रक्त पडतंय. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?" बाईनं विचारलं.

"वहिनी, नाटकं पुरेत. माल आज जायचाय. अजून एक गोळी घ्या आणि बसा."

तिनं घेतली. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण आमचं ओरडणं म्हणजे कळ, आणि गोळी ती कळच मारत होती. दुपारी आतडं फुटलं. बाई मशीनवरच कोसळली. नणंदेनं आधी तिच्या अंगाखालची पँट ओढून घेतली, डाग पडू नये म्हणून. मग गाडी बोलावली.

सर्जननं सडलेला तुकडा कापला, त्यातच मी होते. ट्रेमध्ये घालून त्यांनी तो नणंदेला दाखवला.

"एवढंसंच?" ती म्हणाली. "मग सोमवारी येईल ना कामावर?"

"आधी शुद्धीवर येऊ द्या," सर्जन म्हणाले.

मित्रांनो, पोटातली कळ दाबू नका, ती आमची हाक असते. आणि दुसऱ्याच्या कळेला नाटक म्हणणाऱ्यांनो, तुमच्याही पोटात आम्ही आहोत. आम्ही ओरडू तेव्हा तुमच्या शेजारी तुमच्यासारखंच कुणीतरी असो.