पासष्टावा अर्ज

"साहेब, खोटं तुम्ही बोलता आणि लिहायला मला लावता. एकोणीस वर्षं झाली याला!"

काकूंनी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला नाही, आपटला. कागदावर साहेबांच्याच अक्षरात नव्या जाहिरातीचा मजकूर होता. तडफदार, ध्येयवेडे, आव्हानांवर प्रेम करणारे विक्री प्रतिनिधी हवेत. अमर्याद कमाई. कुटुंबासारखं वातावरण. वय एकवीस ते अठ्ठावीस.

"यात खोटं काय आहे?" साहेब खरोखरच बुचकळ्यात पडले.

"ही या वर्षातली चौथी जाहिरात. आलेली पोरं नऊ-नऊ दिवस टिकली. एक जण तर चहाला म्हणून गेला तो गेलाच. त्याचा डबा अजून माझ्या कपाटात आहे, धुऊन ठेवलाय."

"म्हणूनच म्हणतो, जाहिरातीत जोर हवा. 'वाघ हवेत' असं टाकू या का?"

"वाघ सहा किलोचा काटा खांद्याला अडकवून दुकानं हिंडणार आहे का?"

कंपनी वजनकाटे विकायची. बेकरीवाले, भाजीवाले, खिळेमोळेवाले, ज्याला म्हणून काही मोजून द्यायचं असतं तो यांचं गिऱ्हाईक. विक्री प्रतिनिधीने काटा पिशवीत घालायचा, दुकानात शिरायचं आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मालकाला तो लावून दाखवायचा. काम एवढंच, पण ते जाहिरातीत कधी कुणी लिहिलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. "मग लिहा तुम्हीच खरं काय ते. बघू कोण फिरकतंय."

"लिहीन. पण त्यातला एक शब्द बदलायचा नाही."

"नाही बदलत. हौस फिटू द्या तुमची."

काकू जागेवर येऊन बसल्या. ही खुर्ची त्यांनी मागितली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी असलीच एक जाहिरात वाचून त्या या कचेरीत आल्या होत्या, त्या विक्रीच्या कामासाठी. तेव्हाच्या साहेबांनी, म्हणजे या साहेबांच्या वडिलांनी, अर्ज वाचलासुद्धा नाही. "बाईमाणूस काटा घेऊन कुठे हिंडणार? टाईप येतं ना? मग बसा तिथे." त्या बसल्या. घरी गरज होती, म्हणून बसल्या. आणि ज्या कामासाठी आल्या होत्या त्या कामाच्या जाहिराती दुसऱ्यांसाठी टाईप करत राहिल्या. कचेरीत सगळे त्यांना काकू म्हणायला लागले तेव्हा त्या तिशीच्यासुद्धा नव्हत्या. साहेब तेवढे 'बाई' म्हणत.

फोन वाजला. बेकरीवाला होता, तापलेला.

"काकू, तुमचा काटा येड्यासारखा करतोय! पाव ठेवायच्या आधीच आकडे नाचतात."

"डोक्यावर पंखा आहे का?"

"पंख्याचा काय संबंध?"

"बंद करा आधी. मग सांगते संबंध."

पलीकडे खटका वाजला.

"आयला! थांबला की."

"वारा लागतो त्याला. काटा एक हात सरकवा आणि पंखा खुशाल लावा. बरं, आत मैदा कशावर मोजता?"

"अंदाजाने. वाडगं आहे आमचं ठरलेलं."

"म्हणूनच मंगळवारचा पाव कडक आणि बुधवारचा गिचका होतो तुमचा. मी घेते ना नेहमी."

बेकरीवाला खो खो हसला आणि दुसरा काटा सांगून मोकळा झाला. असे महिन्याला दहा-बारा काटे काकू खुर्चीवरून न उठता विकायच्या. त्या विक्रीला साहेब 'आपोआप आलेल्या ऑर्डरी' म्हणत.

संध्याकाळी काकूंनी मुलीसमोर कोरा कागद ठेवला. मुलगी बावीस वर्षांची, नोकरी शोधत होती. दिवसाला तीसेक जाहिराती वाचून ती त्यात पंडित झाली होती.

"सांग, तुम्ही पोरं जाहिरातीत काय वाचता?"

"जे लिहिलंय त्याच्या उलटं," मुलगी म्हणाली. "कुटुंबासारखं वातावरण म्हणजे सुट्टीच्या दिवशीही बोलावणार. अमर्याद कमाई म्हणजे पगाराचा पत्ता नाही. आणि 'ध्येयवेडे' असलं की मी पानच उलटते. वेडी झाल्याशिवाय तिथे टिकत नसेल कुणी."

"मग येणार कशाला तुम्ही?"

"काम काय आहे ते सांगा ना सरळ! जड असेल तर जड म्हणा. आम्ही काय मेणाचे आहोत?" मग आईकडे रोखून बघत ती म्हणाली, "आई, तू स्वतःसाठी लिही. तुला काय वाचून जावंसं वाटलं असतं?"

काकूंनी पेन उघडलं. मग एका बैठकीत त्यांनी जाहिरात उतरवून काढली.

'वजनकाटे विकायला माणसं हवीत. सहा किलोचा काटा खांद्याला. दिवसाला वीस दुकानं, पायी. चौदा जण नाही म्हणतील. चार जण चहा पाजून नाही म्हणतील. दोघे घेतील, तेही तुम्ही त्यांचं नीट ऐकून घेतलंत तर. बोलघेवडे नकोत, कान असलेले हवेत. कसं बोलायचं ते महिनाभर शिकवू, तेव्हाही पूर्ण पगार. आधीचे लोक का सोडून गेले ते विचारा, सांगू.'

खाली पगाराचा खरा आकडा. वयाची ओळ नव्हती. ती विसरली नव्हती, वगळली होती. मुलीने दोनदा वाचलं आणि ओळखलं. तिने दुसरा कोरा कागद आईपुढे सरकवला.

"हा तुझ्या अर्जाला."

"चल, चावट!" काकू म्हणाल्या, पण कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

जाहिरात छापून आली त्या दिवशी साहेबांनी ते वर्तमानपत्र खणात कोंबून ठेवलं. चौथ्या दिवशी चौसष्ट अर्ज आले होते, आणि ते नेहमीच्या साच्यातले नव्हते. एकाने लिहिलं होतं, 'चहा पाजून नाही म्हणणाऱ्यांकडे परत जायचं का? मी जाईन.' एकीने लिहिलं होतं, 'नोकरीत काय करायचं असतं हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.'

मुलाखतीची तऱ्हाही काकूंचीच. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या तळाशी पिशवीत काटा ठेवलेला, वर चिठ्ठी: 'येताना हा घेऊन या.' आलेल्याची मुलाखत झाली की तो काटा पुन्हा खाली. काही जणांनी चिठ्ठी वाचली आणि तिथूनच घर गाठलं. एक जण रिकाम्या हाताने वर येऊन म्हणाला, "खाली कुणाचं तरी सामान पडलंय." एक मुलगी धापा टाकत आली, काटा अलगद टेकवला आणि साहेबांना म्हणाली, "नोकरीचं नंतर बघू. या पिशवीचा पट्टा उसवलाय, तो आधी शिवून घ्या. एखाद्याच्या पायावर पडेल."

"हिला घ्या," साहेब काकूंच्या कानात म्हणाले. दोन दिवसांत असे चार जण मिळाले. चलाख, हसरे, प्रश्न विचारणारे. साहेब खुशीत येऊन फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, जाहिरात खरी लिहायची, हे माझं तत्त्वच आहे." काकूंनी ऐकलं आणि पदराआड हसू दाबलं.

मुलाखतींच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता साहेबांनी खुर्चीतूनच हाक मारली, "संपले का बाई सगळे?"

"एक राहिलाय," काकू म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, पण न थांबता. दार उघडलं. खांद्याला काटा, कपाळावर घाम, हातात अर्ज. पंचेचाळीस वर्षांच्या काकू.

"हे काय, बाई?"

"पासष्टावा अर्ज."

"अहो पण... वय?"

"जाहिरातीत वय नाही. एक शब्द बदलायचा नाही असं ठरलंय आपलं."

"आणि टाईप कोण करणार? जाहिराती कोण लिहिणार?"

"त्या जागेची जाहिरात लिहून ठेवलीय. खरी."

बाहेर नवे चौघे माना उंचावून बघत होते. काकूंनी काटा टेबलावर ठेवला. त्याचे बारके पाय फिरवून फिरवून तो एका पातळीत आणला. मग हात लांबवून साहेबांच्या डोक्यावरच्या पंख्याचं बटण बंद केलं. नाचणारे आकडे शून्यावर येऊन थांबले.

साहेब त्या शून्याकडे बघत राहिले. "विचार करून सांगतो," ते म्हणाले.

"विचाराला एकोणीस वर्षं दिली तुम्हाला, तुमच्या वडिलांची धरून." काकूंनी साहेबांसमोर कोरा कागद ठेवला आणि त्यावर पेन. "होय की नाही? लेखी हवं. टाईप मीच करून देते. बोला."