गवताच्या बाईचा कोट

वाटेत गाडी थांबवणं हे पोस्टमनसाहेबांच्या स्वभावातच नव्हतं. चौतीस वर्षं टपाल वाटलेला माणूस, घरातून निघाला की पत्त्यावरच पोचायचा. त्यांनीच आज भर रस्त्यात गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "मास्तर, जरा पाय मोकळे करू. इथलं काहीतरी बघण्यासारखं आहे म्हणे." तेव्हाच बायकोच्या मनात आलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मास्तर म्हणजे बायकोच. तीस वर्षं शिलाईचं दुकान चालवल्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मग नवऱ्यानेच काय घोडं मारलंय?

रस्त्याकडेच्या माळावर गवत भरलेली साठेक माणसं रांगेत उभी होती. कुणाला डोक्याच्या जागी पातेलं, कुणाच्या हातात मोडकी छत्री, आणि सगळ्यांच्या अंगात लोकांनी दिलेले जुने कपडे. पाटीवर लिहिलं होतं, 'वाट पाहणारे'.

"ही रांग कशाची?"

"कला आहे ती."

"हे करणाऱ्याला घरात काही कामधंदा नाही वाटतं," मास्तर म्हणाल्या आणि रांगेची तपासणी करत निघाल्या. या सदऱ्याची कॉलर तिरकी, त्या झग्याला कुणीतरी घाईत मारलेली दुमड. नवरा मात्र कपडे बघतच नव्हता. तो मास्तरांकडे बघत होता. संशय आणखी वाढला.

पातेलंवाल्याच्या पुढे एक गवताची बाई होती. तिच्या अंगात गडद हिरवा कोट. मास्तर थबकल्या. आपल्या हातचा टाका कुणाला ओळखू येत नाही? तो कोट त्यांनी धाकट्या बहिणीला शिवला होता, नऊ वर्षांपूर्वी. भरल्या घरात तो अंगात घालून धाकटी म्हणाली होती, "ताई, डावीकडे काचतोय गं." ताईने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "कोट बरोबर आहे, तू सुटलीयेस." एवढ्याशा गोष्टीवरून बोलणं बंद झालं. मधे धाकटीची दोन पत्रं आली, ती मास्तरांनी न फोडता परत धाडली. नवऱ्याच्याच हातून.

"तुम्हाला ठाऊक होतं हा कोट इथे आहे."

"मला काय ठाऊक?" पोस्टमनसाहेब चष्मा पुसायला लागले. खोटं बोलताना ते चष्मा पुसतात, हे मास्तरांना लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं.

म्हणजे यांचं आणि धाकटीचं संगनमत! माझा कोट बुजगावण्याला चढवला आणि मला तो बघायला आणलं. येणाऱ्याजाणाऱ्यासमोर माझी शोभा. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं आणि राग नसलेलंही.

पण हात शिंप्याचे. कपडा बाहेरून बघू नये, उलटा करून बघावा, हे त्यांनी दुकानातल्या प्रत्येक मुलीला शिकवलेलं. अस्तर खाली उसवलेलंच होतं. मास्तरांनी ते वर केलं.

कोपरं विटली होती, खिशाची कड झिजली होती. कोट वर्षानुवर्षं वापरलेला होता. डाव्या बाजूची शिवण कुणीतरी उसवून हाताने पुन्हा घातली होती, वेडेवाकडे टाके, मधूनच गाठी. सुईत दोरा ओवायला ताईला हाक मारणारी धाकटी! तिने दुसऱ्या शिंप्याचा हात लागू दिला नव्हता.

ते टाके पिवळ्या दोऱ्यावरून गेले होते. शिवण कुठे यायला हवी हे कळावं म्हणून मास्तर स्वतः तो खुणेचा पिवळा दोरा आधी घालून ठेवत. त्यांच्या मशीनने पाडलेली जुनी भोकं अजून दिसत होती, दोऱ्यापासून चांगली बोटभर आत. त्यांनी उजवी बाजू पाहिली. तिथे शिवण पिवळ्या दोऱ्यावर, जिथल्या तिथे. पुन्हा डावी बघितली. बोट ठेवून मोजलं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"डावी बाजू मी आत मारली होती. कोट काचतच होता." मास्तरांनी अस्तर पुन्हा खाली सोडलं. "आणि तिला हे कळलं होतं हो. बरोबर खुणेवर शिवलंय तिने. कुणापाशी बोलली नाही."

त्यांनी पर्समधून टेप काढली आणि गवताच्या बाईच्या छातीभोवती घातली. मग स्वतःच चिडून ती ओढून घेतली.

"हिचं माप घेऊन काय करू मी? गाडी वळवा. तिचं आत्ताचं माप घ्यायला हवं."

"चारनंतर ती घरीच असते," पोस्टमनसाहेब पटकन बोलून गेले.

मास्तर वळल्या. "म्हणजे ठरवूनच आणलंत मला!"

नवऱ्याने चष्म्याला हात लावला नाही. "ठरवूनच," ते म्हणाले. "दोन पत्रं परत नेली मी, मास्तर. तिसरं पोचवायचं होतं."